चेष्टा

मुलं आली की बोलणारी तीच. ऑफिस, ट्रॅफिक, मेट्रोची गर्दी. मी वाढते आणि हो हो करते. त्या रविवारी मात्र मुलीने जेवताजेवता विचारलं, "आई, मामा म्हणाला तू लग्नाआधी गायचीस. मग सोडलंस का?"

बाई गं! इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. ह्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते गेल्यापासून दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये माझं जुनं काही माहीत असलेलं माणूस उरलेलं नाही. पोरं वाढली लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्यांनी मला पाहिलं ते कुकरपाशी. त्याआधीही मी कोणीतरी होते, हे त्यांना एकदा तरी कळावं असं मला फार वाटायचं.

म्हणून सांगितलं. सांगलीला कॉलेजचं गॅदरिंग, अंगावर आईची जांभळी साडी. पेटीवाल्याने पट्टी भलतीच उंच धरली आणि अंतऱ्याला माझा आवाज जो फाटला! अख्खा हॉल खो खो हसला.

"मग वर्षभर सगळ्यांनी माझी चेष्टा केली," मी म्हटलं. "मैत्रिणींनी, सरांनी, घरी तुमच्या मामानेसुद्धा. शेवटी गाणंच सोडलं मी."

मुलाने चमचा खाली ठेवला. "सगळ्यांनी एवढी चेष्टा केली, सरांनीसुद्धा, आणि तरी तू सोडलंस? ये तो गलत है यार, आई."

"लकी होतीस तू," मुलगी म्हणाली. "आमच्यासाठी कोण करतं इतकं?"

लकी? मी? मग डोक्यात प्रकाश पडला. दिल्लीच्या शाळेत शिकलेली पोरं ती! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. म्हणजे त्यांच्या लेखी अख्खी सांगली माझ्यासाठी झटली आणि मीच करंटी निघाले.

"अरे, चेष्टा म्हणजे टिंगल!"

"टिंगल म्हणजे?"

आता काय सांगू, कपाळ! "मजाक," मी म्हटलं. "मजाक उडवला रे माझा."

"अच्छा, मजाक!" दोघंही हसली. "इतकंच ना? मला वाटलं, काहीतरी सीरियस झालं."

असा राग आला मला! म्हणणार होते, तुम्हाला काय कळतंय, मेल्यांनो, तो हॉल अजून कानात आहे माझ्या. तेवढ्यात कॅब आली. "चलो आई, निघतो. तू खाली येऊ नकोस." मी भाजीचे डबे त्यांच्या हातात दिले. लिफ्टचं दार बंद झालं.

आत येऊन भांडी घासायला घेतली. नळ मोठा सोडला आणि तेच गाणं म्हणायला लागले. अंतऱ्याला आवाज पुन्हा तिथेच फाटला. मी चपापून मागे वळून पाहिलं.

हसायलासुद्धा कोणी नव्हतं.