करंजाचं डिझेल आणि दसऱ्याचा हार

साखरशेतात माझी भाताची गिरणी, आणि तिला लागूनच अंगणवाडी. अंगणवाडीची सेविका म्हणजे माझीच बायको. गिरणीच्या धुराने पोरं खोकतात, गिरणी हलवा, असा अर्ज तिने थेट ग्रामसभेत दिला. घरात एक शब्द नाही! मी असा भडकलो की त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. ग्रामसभेने आठ दिवसांची मुदत दिली. धूर घालवा, नाहीतर गिरणी ओढ्यापलीकडे न्या. ओढ्यापलीकडे डोक्यावर भात घेऊन कोण मरायला येणार? माझा धंदाच बसला असता.

जव्हारचे एक विज्ञानाचे मास्तर करंजाच्या तेलाचं डिझेल बनवायचे. तेलात कसलंसं रसायन घालून तापवायचं, खाली ग्लिसरीन बसलं की वरचं पातळ तेल पाण्याने धुऊन घ्यायचं. धूर पार उतरतो, म्हणाले. मी दोन कॅन आणले.

आठव्या दिवशी अख्खं गाव जमलं. इंजिन सुरू झालं, धूर पातळ! मी मिशीला पीळ दिला. थोड्या वेळात इंजिनाने आचके दिले आणि बंद. काय हशा पिकला म्हणता! मी मास्तरांना नाही नाही ते बोललो. त्यांनी शांतपणे फिल्टर खोलला. आत नुसता काळा चिखल.

"नव्या तेलाने टाकी आतून धुतली, जुना गाळ सुटून इथे अडकला," ते म्हणाले. "टाकी शेवटची कधी साफ केलीत?"

दर दसऱ्याला इंजिन पुसून, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालत होतो. टाकीत मात्र जन्मात डोकावलो नव्हतो.

गाव हसतच होतं. बायको उठली, पदर खोचला आणि चिंध्या घेऊन माझ्याबरोबर टाकी पुसायला बसली. मास्तरांनी फिल्टर बदलला, इंजिनात तेलाचा फवारा मारणारं नोझल साफ करून त्याचं प्रेशर नीट लावलं. इंजिन असं एका सुरात चाललं की मलाच खरं वाटेना. तेवढ्याच तेलात भातही जास्त भरडलं जाऊ लागलं. बायकोने अंगणवाडीतला पांढरा रुमाल सायलेन्सरपुढे धरला. फिकट डाग पडला, बस्स. तिने तिथेच अर्ज मागे घेतला.

जेवताना मी म्हटलं, "आधी मला सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं की! तीन पावसाळे सांगतेय," तिने ताटात नाचणीची भाकरी टाकली. "तुम्ही गिरणीतून हलायचा नाहीत, म्हणून तिथे येऊन सांगायची. इंजिनापुढे तुम्हाला माझं ऐकू कुठे जायचं!"

मी निमूट दुसरी भाकरी मागितली.