अक्काचं भरीत आणि माझा पांढरा कोळसा

माझ्यामुळे देशाचा किती कोळसा वाचला हे मला सांगता येणार नाही. पण माझ्यामुळे आमच्या गावातलं भरीत बंद पडलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

अलीकडे आमच्या खान्देशात कपाशीपेक्षा विजेचं पीक जोरात आहे. धुळ्याकडे निघालेली पवनचक्कीची पाती लांबलचक गाडीवरून जाताना सगळा रस्ता अडवून ठेवतात. ज्या बरड माळाकडे शेळ्यासुद्धा ढुंकून बघत नव्हत्या, तो माळ सोलरवाल्यांनी भाड्यानं घेतला आणि मालक रातोरात गॉगल लावायला लागला. पूर्वी लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस कपाशीचा भाव विचारायचा. आता विचारतो, ‘‘तुमच्याकडे किती मेगावॅट?’’ (मेगावॅट म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नसतं. मीही गंभीर चेहरा करून ‘‘बघतोय सध्या’’ म्हणतो आणि वरणात बट्टी कुस्करायला घेतो.)

मी नुकताच मास्तरकीतून निवृत्त होऊन जळगावात घरी बसलो होतो. निवृत्त मास्तर आणि त्याच्या फंडाची रक्कम घरात एकत्र असली की शालक येतोच. माझाही आला. राजू त्याचं नाव, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

‘‘दाजी, ऊन मोठ्या लोकांनी धरलं. वारा धुळ्याकडच्यांनी धरला. आता आपल्यासाठी राहिला फक्त कचरा. तो तरी हातचा जाऊ देऊ नका!’’

‘‘कचऱ्यात पैसे घालू?’’

‘‘कचरा नका म्हणू. बायोमास म्हणा.’’

बायोमास म्हटल्यावर मला एकदम बरं वाटलं. (‘‘नाव इंग्रजी असलं की तुम्ही काहीही घेता,’’ असं माझी बायको, मंदा, आतून म्हणाली; पण आतून आलेल्या गोष्टींकडे मी त्या दिवसांत लक्ष देत नव्हतो.) राजूची योजना साधी होती. कपाशी वेचून झाली की शेतात उरलेल्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, गोळा करायच्या, दळायच्या, दाबून त्यांचे जाड ठोकळे करायचे आणि कारखान्यांच्या बॉयलरला विकायचे. या ठोकळ्यांना पांढरा कोळसा म्हणतात. तो पांढरा नसतो, तपकिरी असतो. कोळसाही नसतो. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं!

पण मी भागीदार झालो. नुसता झालो नाही, माल गोळा करायचं कामही अंगावर घेतलं. भडगावजवळ गिरणाकाठी आमचं गाव आहे. तिथं ट्रॅक्टरवर भोंगा बांधून मी गल्लीगल्लीतून फिरलो. आयुष्यभर वर्गात माझं कुणी ऐकलं नाही, भोंग्यावर मात्र अख्खं गाव ऐकत होतं. मग मला आवरेना! ‘‘बंधूंनो, पऱ्हाटी जाळणं हे पाप आहे! जो काडी जाळतो, तो आपल्या नातवाचा श्वास जाळतो!’’ बायकांनी चुलीपाशी रचलेल्या मोळ्या दिल्या, बाप्यांनी बांधावरचे ढीग दिले. तुरीच्या काड्या, तुराट्यासुद्धा सोडल्या नाहीत मी. आमच्या स्वतःच्या मळ्यातली पऱ्हाटी तर पहिल्याच खेपेला गेली. गाव कसं विंचरल्यासारखं स्वच्छ झालं आणि माझी छाती फुगली.

आणि मग सुरतेहून अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी आत्या, आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्न होऊन सुरतेला गेली ती तिकडचीच झाली. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये उंच मजल्यावर खिडकीशी बसलेली असते. आबा गेले तेव्हा तिच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिला येता आलं नाही. भावाचं शेवटचं तोंड बघायचं राहिलं, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. आणि आबा दर थंडीत अंगणात उभं राहून रस्त्याकडे बघत म्हणायचे, ‘‘अक्का येवाले पाहिजे व्हती,’’ ते माझ्याही मनातून गेलेलं नाही.

‘‘बापू,’’ अक्का फोनवर म्हणाली, ‘‘मी येस. माले मयामा बसीसन भरीत खानं शे. दुसरं काही नको माले.’’

‘‘ये ना अक्का, ये! मळ्यातच बसू!’’

‘‘अठे गॅसवर भाजतस रे वांगा. त्याले काय भरीत म्हनतस का?’’

नाही म्हणत. आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. भरताची ती हिरवी-पांढरी मोठी वांगी उघड्या मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सालं काढून हिरव्या मिरच्या न् लसणाबरोबर लाकडी उखळीत ठेचायची, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पण सगळा जीव त्या धुरात. बाभळीवर भाजलं तर ते भाजलेलं वांगं होतं. आबा वांगी भाजायला बसले की त्यांच्या बंडीला, मिशांना, आमच्या केसांना तो वास लागायचा आणि धुतला तरी आठवडाभर जायचा नाही. मला तो वास आजही मधेच कुठेतरी येतो. मी वळून बघतो, तर कुणी नसतं.

मी फोन ठेवला आणि मंदाला म्हणालो, ‘‘अक्का येतेय! वांगी सांगून ठेव.’’

‘‘वांगी सांगते. आणि भाजणार कशावर? तुमच्या बायोमासवर?’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (उगाच नव्हतो मी ऊर्जाक्षेत्रात!)

मी धावत गावी गेलो. एका मोळीसाठी दारोदार फिरलो. आमच्या मळ्याशेजारचे नामदेवभाऊ बांधावर बिडी ओढत बसले होते.

‘‘भाऊ, थोड्या पऱ्हाट्या असतील का?’’

त्यांनी बिडीचा एक झुरका घेतला. ‘‘मास्तर, काय करश्यात पऱ्हाट्या?’’

‘‘जाळायच्या होत्या.’’

‘‘अरे देवा! भोंगावर तुम्हीच सांगं व्हतं ना, काडी जाळी तो पापी? बठ्ठ्या काड्या तुमन्याच ट्रॅक्टरमा गयात. आते तुमले कोठेन दिऊ?’’ आणि त्यांनी हातातली बिडी माझ्या नातवाच्या श्वासाची काळजी घेत हळूच विझवली.

तिथून मी आमच्या ठोकळ्यांच्या कारखान्यावर गेलो. गावाच्या पऱ्हाट्यांचा तिथं भुसा झाला होता. मॅनेजर म्हणाला, ‘‘साहेब, ठोकळ्याची पुन्हा काडी होत नाही.’’ राजूला फोन केला, तर तो आनंदानं ओरडला, ‘‘दाजी, मग ठोकळेच न्या की! आपलाच माल! अक्कांनाही कळू दे आपण काय बनवतो ते!’’

अक्का आली. बस थांबली तेव्हा आधी काठी उतरली, मग अक्का. किती लहान झाली होती! माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, ‘‘आबानागतच दिखस रे तू,’’ आणि आम्ही दोघं स्टँडवरच रडलो.

मळ्यात तिला आबांच्या झोपडीपुढे खाटेवर बसवलं. दुसरीकडे राजूनं टाय लावून (टाय! मळ्यात!) ठोकळे रचले आणि काडी ओढली. ठोकळे पेटेनात. बॉयलरच्या खाण्याला काडीपेटीची काय किंमत! त्यानं फुंकलं, मी फुंकलं. मग त्यानं कुणाचं लक्ष नसताना ट्रॅक्टरमधलं डिझेल ओतलं. लक्ष नव्हतं ते माझंच, कारण मी वाकून फुंकत होतो!

भप्प! जाळ माझ्या तोंडापर्यंत आला. माझ्या भुवया गेल्या, राजूचा टाय गेला. आणि एकदा पेटलेले ते ठोकळे जे भडकले, ते सगळा साखर कारखाना चालवायच्या बेतात. मंदानं वांगी टोचायला घेतली होती. ती टोचून व्हायच्या आधीच मी घाईनं अर्धी आगीत लोटली. न टोचलेलं वांगं काय करतं हे मी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. फट्! पहिलं राजूच्या शर्टावर. फट्! दुसरं नामदेवभाऊंच्या टोपीवर. ते बांधावर गंमत बघायला उभे होते, आणि टोपी पुसत म्हणाले, ‘‘मास्तर, हाई पाप लवकर फयलं!’’

शेवटी एक वांगं हाती लागलं. बाहेरून कोळसा, आतून कच्चं, आणि वास पेट्रोल पंपाचा. मंदा नको नको म्हणत असताना अक्कानं बोटावर घेऊन चाखलं.

‘‘बापू, हाई भरीत शे का डांबर?’’

सगळे हसले. अक्काही हसली. पण हसून झाल्यावर तिनं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला. ‘‘जाऊ दे रे. मना भाऊनासंगे गयं ते,’’ म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी, मोडक्या खुब्यानं ती एका वासासाठी आली होती, आणि तो वास मी स्वतः गावभर भोंगा लावून विकला होता.

तेवढ्यात ती काठी टेकत उठली आणि झोपडीच्या भिंतीपाशी गेली. भिंतीचं शेण एका जागी गळून पडलं होतं. तिथं तिनं बोट घातलं.

‘‘हाई कुड कोनी करी?’’

‘‘आबांनी. गेले त्याच्या आधीच्या थंडीत.’’

‘‘कशानी शे?’’

मी जवळ जाऊन पाहिलं. आबांनी एकेक पऱ्हाटी उभी लावून, सुतळीनं बांधून, वरून शेणानं लिंपली होती. सगळं गाव विंचरलं मी, पण घरातली भिंत मला दिसली नव्हती!

‘‘काढ,’’ अक्का म्हणाली.

‘‘अक्का, आबांच्या हातची आहे गं.’’

‘‘म्हनीसनच काढ. भैन भाऊना घर उनी, अन् भाऊ तिले उपाशी धाडी का?’’

मी पुढची बाजू उतरवली. सुतळीच्या गाठी मी एकेक करून सोडल्या. आबांची गाठ ओळखू येत होती. नामदेवभाऊंनी जाळ केला, मंदानं उरलेली वांगी नीट टोचली. आणि पऱ्हाट्या तडतडल्या, पांढरा धूर उठला, आणि तो वास आला. या वेळी मी वळून पाहिलं तेव्हा धुरात डोळे मिटून अक्का बसली होती. तिनं पदर नाकाला लावला नाही, पुढे धरला, धुराकडे.

ती पोटभर जेवली. मग उघड्या बाजूनं झोपडीत जाऊन आबांच्या जागी आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत झोपली.

सुरतेला पोचल्यावर तिचा फोन आला. लुगडं अजून धुतलं नाही म्हणाली. मी म्हटलं, ‘‘अक्का, पुढच्या वर्षी ताज्या पऱ्हाट्या राखून ठेवतो. दोन गाड्या!’’

‘‘नव्या नको. मना भाऊना हातन्याच.’’

मी हिशेब केला, दर थंडीला एक बाजू. ‘‘तीन बाजू उरेल शेतस, अक्का. तीन हिवाया येनं पडी.’’

‘‘आनि मंग?’’

‘‘मंग छप्पर शे.’’

ती हसली, आणि हसता हसता खोकली.

पांढऱ्या कोळशातनं राजू बाहेर पडला. आता म्हणतो, ‘‘दाजी, हायड्रोजन!’’ मी नाही म्हटलं. नव्या ऊर्जेत पैसे घालून लोकांनी बंगले बांधले. मी मात्र होती त्या झोपडीची एक भिंत घालवली, उरलेल्या तिन्ही बाजूंना वाळवी लागू नये म्हणून बुडाशी राख टाकतो, आणि चौथ्या बाजूनं अक्का कधी येते ते बघत बसतो.