सरांच्या क्लासातली हार्डली

आमच्या इंग्रजीच्या सरांना कोणी दुष्ट म्हटलं, तर मी भांडायला जाणार नाही. सरांना मात्र ते ऐकून खरोखर धक्का बसेल. आपण लोकांचं भलं करतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मूळचे ते एका ट्रान्सपोर्ट कंपनीत टायपिस्ट. कंपनी बुडाली तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत जुने बाक टाकले, भिंतीवर फळा ठोकला आणि मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास काढला. ड्रायव्हर, दुकानांतल्या विक्रेत्या मुली, माझ्यासारखी हॉस्पिटलच्या फाटक्या चादरी शिवणारी बाई, असे आम्ही दिवसभर राबून संध्याकाळी तिथे जमायचो. सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे असायचे. समोरच्याच्या तोंडून आता काहीतरी घाण सांडणार आणि ती यांनाच पुसावी लागणार, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कायमचा.

त्यांची शिकवायची एक खास पद्धत होती. कोणी चुकलं की त्याने उभं राहायचं. त्याचं चुकीचं वाक्य सर फळ्यावर लिहायचे आणि खाली त्या माणसाला ठेवलेलं एक टोपणनाव. मग डस्टर हातात घेऊन ते सगळ्या वर्गाकडून ते वाक्य मोठमोठ्याने म्हणवून घ्यायचे, लोक हसायला लागेपर्यंत. ते वाक्य पुसायचंही नाही. दुसरं कोणी चुकेपर्यंत ते तिथेच. त्यामुळे फळ्यावर ज्याचं वाक्य असेल, तो बाकीच्यांच्या तोंडाकडे आशाळभूतासारखा बघत बसायचा, आणि बाकीचे तोंडच उघडायचे नाहीत. बोलायला शिकवणाऱ्या क्लासात आम्ही सगळे मूग गिळून बसायला शिकलो. जो सगळ्यांत कमी बोलेल, तो सरांच्या लेखी सगळ्यांत हुशार.

"माझ्या मास्तरांनी मला भर वर्गात असंच सोलून काढलं होतं," सर अभिमानाने सांगायचे, "म्हणून तर आज मी इथे आहे."

इथे म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

या पद्धतीचा खरा मार बसला तो सरांच्या मेहुणीला. नवरा सोडून गेल्यावर ती थोरल्या बहिणीकडे, म्हणजे सरांच्याच घरी राहायला आली होती. माझ्याच हॉस्पिटलात ती लाँड्रीत काम करायची. कामाला वाघ. वाफेने हात भाजले तरी हूं की चूं नाही. घरी गेली की भांडी, आणि भांडी झाली की क्लासात मागचा बाक. स्वयंपाकघरात असेपर्यंत सर तिचे 'भावोजी', आणि दारातला पडदा ओलांडून पुढच्या खोलीत आली की 'सर'. क्लास सुटला की बाक भिंतीला सारून त्याच खोलीत तिचं अंथरूण.

एके दिवशी सरांनी शिकवलं, की काम कसं केलं ते सांगायचं असेल तर शब्दाला शेवटी 'ली' जोडायचा. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. सोपं! मग त्यांनी मेहुणीला उठवलं. "सांग, तू काम कसं करतेस?"

तिने ओठातल्या ओठात नियम घोळवला आणि मान ताठ करून म्हणाली, "आय वर्क हार्डली."

तिला म्हणायचं होतं, मी जीव तोडून काम करते. त्यासाठी नुसतं 'हार्ड' पुरतं. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. इंग्रजीनेच इथे दगा दिला होता. पोरीने तर सरांचाच नियम इमानाने पाळला होता. एवढं शांतपणे सांगायला किती वेळ लागला असता? पण सर पोट धरधरून हसले.

"आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललीस बघ! जेमतेमच काम करतेस तू. घरी मी बघतोच ना!"

वर्गाने ते वाक्य ओरडून म्हटलं. पडद्याआडून तिची ताईसुद्धा हसली. नवरा हसला की आपणही हसायचं, ही ताईची जुनी सवय. फळ्यावर वाक्य चढलं, खाली नाव चढलं, 'हार्डली'. पुढे कोणी चुकलंच नाही, कारण कोणी बोललंच नाही. ते वाक्य तसंच राहिलं आणि ती त्याच्याखाली झोपत राहिली. घरातही हाक तीच. "हार्डली, पाणी आण." माझं डोकं फिरायचं. तिला म्हणायचे, "अगं, ऐकून काय घेतेस?" ती म्हणायची, "जाऊ दे गं. छप्पर त्यांचं आहे."

मग हॉस्पिटल नव्या मालकांनी घेतलं. ते परदेशातले. चादरी-कपड्यांच्या खोलीला एक सुपरवायझर नेमायचा होता, त्यांच्याशी इंग्रजीत बोलू शकेल असा. त्या नोकरीबरोबर हॉस्पिटलच्या मागे राहायला एक खोली मिळणार होती.

"आतून कडी लावता येईल अशी खोली गं," ती मला म्हणाली. तिला बाकी काहीच नको होतं.

मी तिचा सराव घ्यायला लागले. मी शिलाई मशीनवर, ती चादरींच्या घड्या घालत. आणि काय सांगू, माझ्यासमोर ती धडाधड बोलायची! चुका व्हायच्या, ढीगभर व्हायच्या, पण म्हणणं कळायचं. मी म्हटलं, "असंच बोल तिथे. नोकरी तुझीच."

आदल्या संध्याकाळी तिने क्लासात मुलाखतीचं सांगितलं. सरांनी लगेच तिला पुढे उभं केलं आणि वर्गाला मुलाखत घ्यायला लावली. एकही वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. प्रत्येक शब्दाला डस्टर बाकावर आपटायचा आणि "चूक!" म्हणायचं. ती रडवेली झाली, तेव्हा ते म्हणाले, "उद्या तिथे माझं नाव निघणार आहे. लोक म्हणतील, याच्या घरचीच अशी बोलते? त्यापेक्षा तोंड बंद ठेव."

मुलाखत आमच्याच खोलीत झाली, कपाटांच्या मधे टेबल टाकून. मी कोपऱ्यात मशीनवर होते. मालकांकडून एक मॅडम आल्या होत्या. बाई चांगली होती, हसून बोलत होती. सोबत आमचे हॉस्पिटलचे मॅनेजर. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही काम कसं करता ते सांगा.

"आय वर्क..." ती म्हणाली, आणि अडली.

मी मशीन थांबवलं. पुढचा शब्द तिला येत होता. गेल्याच आठवड्यात तिने तो माझ्यासमोर किती वेळा म्हटला होता. पण तिची नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर खिळली, जणू तिथे सरांचा फळाच ठोकला होता.

मॅडम काहीतरी बोलल्या. मॅनेजरनी समजावलं, "चुकलं तरी चालेल, म्हणतायत त्या. बिनधास्त बोला."

चुकलं तरी चालेल! इतकी वर्षं तिला हे कोणी म्हटलंच नव्हतं. तिचा त्यावर विश्वासच बसला नाही. तिला वाटलं असणार, हाही सापळा. तिने ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली आणि टेबलावरच्या चादरीची कड सरळ करत राहिली. त्यांनी वाट पाहिली. मी मनात ओरडत होते, बोल गं, काहीही बोल! शेवटी मॅडमनी "थँक यू" म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं.

पुढचा होता कपडे धुवायच्या मशीनवरचा बाप्या. त्याने कसलाच क्लास केलेला नव्हता. "मशीन माय. मशीन नो स्टॉप. आय नो स्टॉप!" असं तो हात नाचवत ओरडला. मॅडम खो खो हसल्या, त्याने आणखी तारे तोडले, त्या आणखी हसल्या. नोकरी त्याला मिळाली. त्याचं स्वतःचं घर आहे, त्यामुळे हॉस्पिटलमागच्या खोलीत तो सायकल ठेवतो.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबरच क्लासला गेले. आज सरांच्या तोंडावर दोन शब्द फेकायचेच, असं मी ठरवलं होतं.

"काय दिवे लावलेस?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"काही नाही, सर. मी बोललेच नाही."

"एक शब्दही नाही?"

"दोनच बोलले. पुढे गप्प बसले."

"आणि ते दोन बरोबर होते?"

"हो, सर."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिला पुढे बोलावलं, खांद्याला धरून वर्गाकडे वळवलं. "बघून घ्या! परक्या माणसांसमोर उभी राहिली आणि एकही चूक केली नाही. याला म्हणतात तयारी. वाजवा टाळ्या!"

टाळ्या पडल्या. पडद्याआडून ताईने वाजवल्या. मी बोलायला उठले आणि तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पेटेल, बाक उचलून फेकेल. पण ती ताठ उभी होती. डोळे भरून आले होते, आणि गालांवर असा आनंद, की एवढा तिच्या चेहऱ्यावर मी कधीच पाहिला नव्हता. त्या घरात तिची पाठ कोणी पहिल्यांदाच थोपटली होती.

"थँक यू, सर," ती म्हणाली.

मी खाली बसले. काय बोलणार होते, आणि कोणासाठी?