ऐकून घेणाऱ्या रत्नाक्का

समोरचा माणूस बसला की रत्नाक्का कांबळे मनगटावरचं घड्याळ काढायच्या आणि तबकडी त्याच्याकडं करून टेबलावर ठेवायच्या. "पाऊण तास तुमचा हाय," त्या म्हणायच्या. "बोला न्हायतर गप्प बसा. मी कुठं जात न्हाय." आमच्या भागातल्या बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'जातो, करतो' असंच बोलत.

बेळगावच्या कॅम्पात, एका धर्मादाय दवाखान्यामागच्या खोलीत त्या आठवड्यातून दोन दिवस बसत. समुपदेशन हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणी ऐकलेला नव्हता. लोक त्यांना बोलायच्या डॉक्टरीणबाई म्हणत.

साल ब्याऐंशी असावं. मी बेळगुंदीच्या शेतकऱ्याचा मुलगा, शहरातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचो. आई वारली, आणि दोन महिन्यांनी माझ्या घशाला एक विचित्र खोड लागली. हजेरी घेताना 'रेणुका' या नावापाशी आवाजच फुटेना. आईचं नाव रेणुका. मी ते नाव गाळून पुढं जाऊ लागलो. महिनाअखेरीस रेणुका पाटीलचे वडील शाळेत आले आणि हेडमास्तरांना शांतपणे म्हणाले, "लेक रोज शाळेला म्हणून घरातनं निघती. तुमच्या हजेरीत ती महिनाभर न्हाय. मग जाती कुठं?"

डॉक्टरांनी घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. हेडमास्तरांनी रत्नाक्कांचा पत्ता दिला आणि नोकरीची काळजी असेल तर जाऊन या, एवढंच म्हणाले. घरी मी दातांच्या डॉक्टरकडं जातोय असं सांगितलं. सहाव्या आठवड्यात आत्यानं विचारलं, "तोंडात आता किती शिल्लक हायत रं?"

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, ही बाई डोळ्यांत डोळे घालून मनातलं ओळखणार, नाहीतर विजेचा झटका देणार. आक्का म्हणाल्या, "मी औषध देत न्हाय, अंगारा बी देत न्हाय. तुमी बोलायचं, मी ऐकायचं, मधनंच कायतर इचारायचं. नको वाटलं तर 'आज नको' म्हणायचं. हितलं हितंच राहतंय, तुमच्या हेडमास्तरांना बी कळणार न्हाय. पण तुमच्या जिवाला धोका दिसला तर मात्र मी गप्प बसणार न्हाय. ते आत्ताच सांगून ठेवतो." मी मान हलवली आणि उरलेला सगळा वेळ बेळगुंदीच्या बस कशा वेळेवर सुटत नाहीत ते सांगितलं. आक्कांनी तेही मन लावून ऐकलं.

तिसऱ्या खेपेला मी वैतागून विचारलं, "मग मी करू काय?"

"तुमाला काय वाटतंय?"

"मला ठाऊक असतं तर बसचं तिकीट कशाला काढलं असतं?"

आक्का मनापासून हसल्या. पण उत्तर काही दिलं नाही. त्या आठवड्यात मला झोप येईना, जेवण जाईना. तुमच्याकडं आल्यापासून जास्तच बिघडलंय, असं मी पुढच्या वेळी सुनावलं. "व्हय, सुरवातीला हुतंय तसं," त्या म्हणाल्या. "मी आधीच सांगायला पायजे हुतं. माझं चुकलं." 'माझं चुकलं' असं मला सांगणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. म्हणून पुन्हा गेलो.

त्यांची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. "बायका दिवसभर तंबाखू चाळत बोलायच्या," आक्का सांगायच्या. "ऐकायला मी तितं शिकलो. गप्प कवा बसायचं ते कॉलेजात."

आठव्या वेळी मी अखेर सांगितलं. आई आजारी होती, आणि मी कडोली गावी कविता वाचायला गेलो होतो. कविता आईवरची होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी परतलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

आक्कांनी विचारलं, "ती कविता पाठ हाय?"

मी म्हणून दाखवली. मध्ये दोनदा थांबलो. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कविता काय लई बरी न्हाय. पण आई लई चांगली हुती बघा."

मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं. "रेणुका नाव होतं तिचं," मी म्हणालो. किती दिवसांनी ते नाव माझ्या तोंडून निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी 'रेणुका पाटील' म्हणालो. ओ आली नाही. तक्रार आल्यापासून मी तिची हजेरी नाव न घेताच मांडत होतो; तिला सवयच राहिली नव्हती. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा ती दचकून उभी राहिली आणि म्हणाली, "हजर, सर."

त्यानंतर चार वेळा गेलो. मग आक्का म्हणाल्या, "आता यायचं बंद करून बघा. अडलं तर दार हाय."

पाच-सहा वर्षांनी निपाणीच्या स्टँडवर त्या दिसल्या. मी बायकोबरोबर बाकावर बसलो होतो. आक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि सरळ पुढं निघाल्या. मला वाईट वाटलं. मी हाक मारली.

त्या वळल्या. "तुमाला मी कवाच वळखलंतं," त्या म्हणाल्या. "पण चारचौघांत वळख द्यायची का न्हाय, ते तुमी ठरवायचं."

"आई गेल्यावर मी यांच्याकडं बोलायला जायचो," मी बायकोला सांगितलं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिनं काही न विचारता सरकून जागा केली. आक्का बसल्या. डोक्यावर पांढरं बरंच वाढलं होतं, हातात औषधांची पिशवी होती.

"आक्का," मी म्हणालो, "तुमचं कसं चाललंय?"

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. आमची बस लागली होती. आम्ही उठलो नाही. मग आक्का सांगू लागल्या.