रघू तांडेल घरी आला ती दुपार

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर बरेचसे वाचून हसते. पिंपळाखालची बाई, आपोआप वाजणारा दरवाजा... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरात तो बसणं शक्यच नव्हतं. माझ्या वडिलांनी — आबांनी — घरातला देव्हारा मी लहान असतानाच काढून टाकला होता. कुणी ‘अंगात आलं’ म्हटलं की ते विचारायचे, “ताप किती आहे?” अशा माणसाची मुलगी मी. पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरीही हे एवढं एक प्रकरण माझ्याकडून सुटलेलं नाही, आणि आता सांगितलं नाही तर सांगायला कुणी उरणार नाही. म्हणून लिहिते.

आम्ही डिलाईल रोडला राहायचो. आबा गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. आमची चाळ आणि समोरची कोकणातल्या लोकांची चाळ यांच्यामध्ये मोकळी जागा होती, तिथे सार्वजनिक नळ, आणि नळाजवळच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा. सभा कुठे आहे, मोर्चा कुठून निघणार, कोणाला अटक झाली, सगळं त्या फळ्यावर लागायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून चळवळीच्या मंडळींनी ते काम मला दिलं होतं. सकाळी लिहायचं, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे दुसऱ्या दिवसाला फळा मोकळा. मुलीच्या जातीने चारचौघांत उभं राहून लिहायचं म्हणजे काय, असं काहीजण म्हणाले. आबा म्हणाले, “हाताने लिहिते, जातीने नाही.” विषय तिथेच संपला.

त्या काळी समोरच्या चाळीतले सावंत मास्तर — शिवणकाम करायचे म्हणून मास्तर — एक साप्ताहिक घ्यायचे. त्यात एक कथा क्रमशः यायची, रघू तांडेल नावाच्या खलाशाची. मास्तर ती मोठ्याने वाचायचे आणि दोन्ही चाळी ऐकायच्या. तर लेखकाने काय करावं? भर वादळात रघूची होडी उलटवली, खाली ‘क्रमशः’ लिहिलं, आणि साप्ताहिक यायचंच बंद झालं! संप, हरताळ, छापखाना बंद... कारण काहीही असो, रघू पाण्यात आणि आम्ही सगळे काठावर.

एके दिवशी बातम्या थोड्या होत्या. अर्धा फळा रिकामा राहिला. मला काय सुचलं कोण जाणे, मी खाली लिहिलं — ‘रघू तांडेलच्या हाताला एक फळी लागली.’ आणि पुढे पाच-सात ओळी.

संध्याकाळपर्यंत फळ्यासमोर ही गर्दी! त्या दिवसापासून रोज थोडं थोडं लिहू लागले. रघूला एका बेटावर नेलं. तिथे पाऊस पाडला, माकडं सोडली, एक आजारी फकीर आणला.

आता गंमत अशी की, मला कुणी लेखिका म्हटलं नाही. लोकांच्या लेखी मी रघूची बातमी आणणारी मुलगी होते, बस्स. गोदीत काम करणारा एक जण तावातावाने सांगून गेला की दोरखंड असा बांधत नाहीत, रघूला सांग. नळावर एक बाई माझ्यावर भडकली. “काल त्येका उपाशी ठेवलंस! तुका काय वाटता की नाय?” दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्यांना फळा पुसलेला सापडायचा, ते दार वाजवून विचारायचे, “रघूचं काय झालं आज?” — जसं काही तो आमच्या माळ्यावर झोपलाय. एकटे सावंत मास्तर नाक मुरडून होते. म्हणायचे, “कोट बेतलो त्या लेखकान, आणि बटणां लावता ही! ह्येका काय लेखन म्हणतत?” पण त्यांच्या मशीनची जागा त्यांनी खिडकीत हलवली होती. तिथून फळा दिसायचा.

सगळ्यात अवघड वाचक होती सगुणामावशी. खरं म्हणजे तिला वाचता येत नव्हतं. समोरच्या चाळीत ती गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. तिचा मुलगा वसंत बोटीवर खलाशी होता आणि बरेच महिने त्याची काही खबर नव्हती. कंपनीच्या कचेरीत जाऊन जाऊन तिच्या चपला झिजल्या. ती रोज कळशी घेऊन नळावर यायची आणि कुणाकडून तरी माझ्या ओळी वाचून घ्यायची. एकदा मी हळूच म्हटलं, “मावशी, ही गोष्ट आहे हं. मी मनाने लिहिते.”

ती फळ्याकडे बोट करून म्हणाली, “मोर्चो निघतलो म्हणान लिवलंस, तो निघालो. त्या पाटलाच्या झिलाक पकडलो म्हणान लिवलंस, तो पकडलेलोच होतो. फळ्यार लागलां म्हणजे खरां.” मग माझा हात धरून म्हणाली, “त्येका घराक हाड गो, बाय.”

बातम्यांच्या फळ्यावर गोष्ट लिहिली की ती बातमीच होते, हे मला तेव्हा कळलं. माझा हातच चालेना. रघूला घरी आणलं आणि वसंत आला नाही तर? ती बाई जिन्याकडे डोळे लावून बसेल. आणि रघूला मारलं तर त्याच दिवशी तिचा धीर जाईल. मी त्याला बेटावरच फिरवत ठेवलं. लोक कंटाळले. मास्तर म्हणाले, “त्या बेटार आता चाळ बांधा आनि मोकळे व्हा.”

मी आबांना विचारलं. ते विडी शिलगावत म्हणाले, “तिला सगळं कळतं गं. आपण समजतो तेवढी भोळी नाही ती.” पण रघूचं काय करू, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात ठाकूरद्वारहून निरोप आला की माझी मावशी बाळंत झाली. तिचे यजमान एका पेढीवर रखवालदार होते, त्यांना मागची खोली मिळाली होती. आई आणि मी तिकडे गेलो, आणि शहरात गोळीबार होऊन संचारबंदी लागली. अडकलो तिथेच. आबा एकटे डिलाईल रोडला.

त्या दिवसांतली दुपार मला अजून आठवते. ट्राम नाही, फेरीवाला नाही. कुठल्या तरी वाडीतल्या देवळाची घंटा वाऱ्याने नुसती हलायची. गिरण्या बंद म्हणून आभाळ धुतल्यासारखं निळं. बाळंतिणीच्या खोलीत शेपा आणि धुरीचा वास. तान्हं झोपलेलं, मावशी झोपलेली, आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मी तिच्या मांडीशी आडवी झाले. डोळा लागला म्हणावा तर लागला नव्हता, जागी म्हणावं तर जागीही नव्हते. तांदळाचे दाणे सुपात सरकल्याचा आवाज येत होता, आणि तो हळूहळू वाळूवर येणाऱ्या लाटेचा झाला.

मग रघू आला. मी त्याला आणलं नाही, तो आपला आला. बेटावरून कसा सुटला ते मला दिसलंच नाही. एकदम जिना दिसला, चाळीचा, आमच्यासारखाच. तो एक चप्पल हातात घेऊन चढत होता. दारात त्याची आई. आणि मला ओळी दिसू लागल्या, म्हणजे मी त्या लिहीत होते... ‘आईने त्याला काही विचारलं नाही. आधी चुलीवर भाताचं आधण ठेवलं, आणि मग ती रडली.’ इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी मागून हाक मारली. मी म्हटलं, “येते, एवढं संपवून.”

जागी झाले तेव्हा आई तशीच तांदूळ निवडत होती. “झोपेत काय पुटपुटत होतीस?” म्हणाली. मी उठून तोंड धुवायला गेले तर उजव्या हाताची बोटं पांढरी. तांदळाचं पीठ असेल म्हणून धुतली. पण पीठ असं बोटांच्या रेषांत बसत नाही. खडूच बसतो. त्या खोलीत खडू कुठून येणार?

संचारबंदी उठल्यावर आम्ही घरी आलो. दोन चाळींच्या मधल्या जागेत पाऊल टाकलं आणि नळावरच्या बाया वळून माझ्याकडे बघू लागल्या. फळा भरलेला होता. वर जुन्या बातम्या, आणि खाली — रघू, जिना, हातातली चप्पल, भाताचं आधण. अक्षर माझं. शेवटची ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली, ही माझी जुनी खोड. एवढे दिवस कुणी तो फळा पुसला नव्हता.

मी जवळ जाऊन पुन्हा वाचलं. मी त्या ओळी कुणालाही सांगितल्या नव्हत्या. आईलाही नाही.

सावंत मास्तर खिडकीतून ओरडले, “काय गो, संचारबंदीत इलंस कशी आनि गेलंस कशी? मी बघलंय तुका. हाक मारलंय तर वळाकसुद्धा तयार नाय!” नळावरची एक म्हणाली की मी हिरव्या लुगड्यात होते. माझ्याकडे हिरवं लुगडं नव्हतंच. दुसरी म्हणाली, छे, परकर-पोलकं, लहान मुलगी. ज्याला जशी वाटले तशी मी दिसले होते. दिसले होते हे मात्र सगळ्यांचं ठाम.

आई म्हणाली, “काहीतरीच! माझ्या मांडीपासून हलली नाही ही.”

मी सगुणामावशीकडे धावले. आधी आठवली ती तीच. आता ती जिन्याकडे डोळे लावून बसली असणार, आणि ते माझ्या नावावर. ती चुलीपुढे होती. मला बघून म्हणाली, “बस. भात खातलंस मगे?” समोरच्या चाळीत कुणाच्या घरी मी त्याआधी जेवले नव्हते. तिने मला पाटावर बसवून वाढलं.

“मावशी,” मी म्हटलं, “ते मी लिहिलं नाही.”

“बघलंय मी तुका. केस पांढरे, डोळ्याक चष्मो. पण उभी तशीच, डाव्या पायार भार देवन.” जसं काही हे रोजचंच. “त्या दिवशी मीय भात टाकलंय. एक पान वेगळां मांडलंय रघूचां.”

मला रडू आवरेना. म्हटलं, “पण वसंतदादा...”

“माझो नाय इलो,” ती म्हणाली. “येवचो नाय, माका ठावक आसा. कचेरीतल्या माणसांची तोंडां बघितलंय मी.” मग माझ्या भातावर आमटी घालत म्हणाली, “पण एक तरी इलो मां घराक.”

वसंत खरंच कधी आला नाही. पण ती बाई त्यानंतर चपला झिजवायला कचेरीत गेली नाही, आणि नळावर पुन्हा भांडू लागली. बरं वाटलं सगळ्यांना.

काही काळाने ते साप्ताहिक पुन्हा सुरू झालं. पहिल्याच अंकात लेखकाने रघूला बुडवून टाकलं होतं. मास्तरांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं, मध्येच थांबले, चष्मा काढला. “ह्या माणसाक काय म्हायतीच नाय,” म्हणाले, आणि अंकाची घडी घालून मशीनखाली सरकवली. कुणीही हरकत घेतली नाही. दोन्ही चाळींच्या हिशेबी रघू घरी पोचला होता, आणि मूळ लेखक उगाच अफवा पसरवत होता.

आबा या सगळ्यात एक अक्षर बोलले नाहीत. त्याच वर्षअखेर आम्ही बौद्ध झालो, मी शाळेत लागले, लग्न झालं, चाळ सुटली. मी मनाशी ठरवून टाकलं, कुणीतरी माझ्या अक्षराची नक्कल केली असेल. पण ओळींची नक्कल कशी करणार? तिथे येऊन गाडी अडायची.

फार वर्षांनी, आबा शेवटच्या आजारात होते तेव्हा, दुपारचा चहा पाजताना ते अचानक म्हणाले, “त्या दिवशी तू वर आलीच नाहीस.”

“कुठल्या दिवशी, आबा?”

“फळ्यापाशी होतीस. मी गॅलरीतून हाक मारली, वर ये, चहा टाकतो. तू म्हणालीस, येते, एवढं संपवून. मी दोन कप ओतले.” मग म्हणाले, “निवला तुझा चहा.”

ज्या माणसाने जन्मभर ‘ताप किती आहे’ विचारलं, त्याने हे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मी विचारलं, “आबा, मी कशी दिसत होते?” ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “दमलेली.” आणि डोळे मिटले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. विज्ञानाच्या बाईने असं म्हणू नये, पण नाही. आता माझे केस पांढरे आहेत, डोळ्याला चष्मा आहे. निवृत्त होऊनही बराच काळ झाला, घरात खडूचा तुकडासुद्धा नाही. तरी दुपारी डोळा लागून जाग आली की मी आधी उजव्या हाताची बोटं बघते.

स्वच्छ असतात. मला त्याचं वाईट वाटतं. एकदा तरी ती ओळ संपवून वळायचं आहे, जिना चढून वर जायचं आहे आणि आबांनी ओतलेला तो कप गरम आहे तोवर घ्यायचा आहे.