मालूताईचं वायरलेसचं गणित

घरात दोघं एकदम बोलले की माझी थोरली बहीण मालूताई टेबलावर पंजा आपटायची. "दोघांचंही फुकट गेलं! आता दोघं वेगवेगळा वेळ थांबा, मग बोला." तिच्या धाकाने गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आई-बाबा भांडतानासुद्धा पाळी लावत.

ती कॉलेजात गणित शिकवायची. एकाच लहरीवर अनेक वायरलेस संच बोलू लागले की निरोपांचं काय होतं, हे समीकरणांत मांडायचा तिला नाद होता. "संच वाढले की पोचणारे निरोप आधी वाढतात आणि मग एकमेकांवर आदळून एकाएकी कोसळतात," ती सांगायची.

मी पोलिसांच्या वायरलेस खोलीत नोकरीला होतो. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. एका दुपारी लालबाग-परळला दगडफेक झाली, गोळीबार सुरू झाला. साहेबांनी तो थांबवायचा हुकूम दिला. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, पण रस्त्यावरच्या सगळ्या पोलीस गाड्या त्याच लहरीवर एकदम बोलत होत्या. कानात नुसती खरखर. हुकूम पोचेपर्यंत ताईचा विद्यार्थी सदा परळच्या नाक्यावर पोटात गोळी लागून गेला होता.

त्याला बघून ती परतली तेव्हा तिच्या लुगड्याला रक्त होतं. "हुकूम आदळला ना रे?" एवढंच तिने विचारलं आणि गणिताला बसली. त्यातून तिची पद्धत निघाली: आधी ऐका, मगच बोला. निरोप आदळला तर प्रत्येक गाडीने चिठ्ठी उचलल्यासारखा, नशिबाने निघेल तितका वेगळा वेळ थांबायचं. लहरीवर गर्दी वाढली की तो वेळही वाढवायचा.

"आमच्या पोरांना मारणाऱ्यांना तू अक्कल शिकवणार?" बाबा कडाडले.

"मारायला त्यांना वायरलेस लागत नाही, बाबा. थांबवायला लागतो."

मी तिचा कागद साहेबांना नेऊन दिला आणि त्यांनी तिची पद्धत उचलली. पुढे काळाचौकीच्या मोर्चात ताई स्वतः होती. मला ते ठाऊक नव्हतं. "दोन्हीकडून घेरा," हा साहेबांचा हुकूम मीच दिला आणि तो स्वच्छ पोचला. माणसं गल्लीत कोंडली गेली, डोकी फुटली, लाठीखाली ताईच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. मग बंदुका रोखल्या गेल्या. गोळी सुटण्याआधीच "थांबा" पोचलं.

इस्पितळात तिने विचारलं, "थांबा कितव्या खेपेला पोचलं?"

"पहिल्याच."

"आणि घेरा?"

"तेही," मी म्हणालो. तिने प्लास्टरकडे बोट केलं. "निरोप कसला, हे माझ्या समीकरणात कुठे होतं?"

हाड वाकडं जुळलं. पण ते गणित तिने सोडलं नाही. डाव्या हाताने, वेडंवाकडं लिहीत, मरेपर्यंत ती ते पुढे नेत राहिली.