गोठ्याच्या भिंतीवरचा पासवर्ड

"तात्या, सोमवारपर्यंत हे झालं न्हाय तर मला पुण्याला जावं लागंल." स्वातीनं मला गाडीवरून उतरूही दिलं नाही.

स्वाती म्हणजे शेळगावच्या वस्तीवरल्या आबांची सून. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. कंपनीनं कळवलं होतं, लॅपटॉपच्या नेटवर दुसरं कुणी नको, नाहीतर ऑफिसात येऊन बसा. पण सासू अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. तिच्या खाटेसमोर कॅमेरा. म्हातारीनं हात वर केला की स्वातीला फोनवर दिसायचं आणि ती उठून जायची. ती पुण्याला गेली तर तो हात बघणार कोण?

मी बारामतीत केबल ओढण्यात आयुष्य काढलं. शिक्षण सातवी. आता घरोघरी नेट जोडतो. बायको गेल्यापासून घरात बसवत नाही, त्यामुळं कुणी बोलावलं की निघतो.

अंगणातच घोटाळा दिसला. गोठ्याच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं वायफायचा पासवर्ड लिहिलेला आणि खाली बाकावर माणसं फोनमध्ये माना घालून बसलेली.

"आबा, ह्ये काय?"

"दूध न्यायला येत्यात. सारखं इचारत्यात. म्हणलं एकदाच लिवून टाकू."

"मग घराची किल्ली बी टांगा की तितं."

"किल्ली कशाला? दार उघडंच असतंय."

"पासवर्ड बदलू?"

"छ्या! आल्या माणसाला न्हाय म्हणू व्हय?"

म्हणजे नेट तोडायचं नव्हतं, वाटायचं होतं. त्याला व्हीलॅन म्हणतात. उसाला पाणी देणाऱ्याला हे लगेच कळेल. पाट एकच, पण मधी बांध घातला की या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात जात नाही. तसं राऊटर एकच, बांध त्याच्या आत.

जुन्या राऊटरला हे जमत नव्हतं. स्वातीनं माझ्या सांगण्यावरून नवा आणून ठेवला होता. मी चार वाफे पाडले. एक तिच्या लॅपटॉपचा, एक घरच्या फोनांचा, एक कॅमेऱ्याचा आणि एक बाकावरच्या मंडळींचा. पासवर्ड भिंतीवरचाच ठेवला, पण त्यानं आता फक्त त्यांच्याच वाफ्यात शिरता यायचं. बाकावरचा एक फोन घेऊन लॅपटॉप दिसतो का बघितलं. नाही दिसला. कॅमेराही नाही. स्वातीनं कंपनीला सगळं दाखवलं. तिकडून होकार आला. आबांनी चहा सांगितला.

चहा तोंडाला लावला आणि टक टक ऐकू आलं.

"शेजारी काय तरी ठोकत्यात," आबा म्हणाले.

मी कप ठेवून आत पळालो. शेवटी शेवटी आमच्या हिचीही वाचा गेली होती. पेल्यावर बांगडी आपटून बोलवायची. तो आवाज मला भिंतीपलीकडनंही कळतो. अजून दुपारचा ऐकू येतो. उठतो, आणि मग आठवतं.

म्हातारी खाटेवरून निम्मी खाली घसरली होती. चांगल्या हातानं खाटेच्या लोखंडी पट्टीवर बांगड्या आपटत होती. आम्ही तिघांनी तिला वर घेतलं. स्वातीनं फोन काढला. कॅमेरा बंद दाखवत होता.

बंद नव्हता. मीच बांध घातला होता. बाहेरच्यांबरोबर स्वातीचा फोनही बाहेर राहिला. कॅमेरा कुणाला दिसू नये एवढंच मी तपासलं. कुणाला दिसायलाच पाहिजे, ते तपासलं नाही.

"तात्या, नोकरी वाचली खरी," स्वाती म्हणाली, "पण आत्या पडल्या असत्या की!"

मी लॅपटॉप पुढं ओढला आणि राऊटरमध्ये नियम घातला. घरच्या फोनावरून कॅमेऱ्याकडं वाट उघडी, कॅमेऱ्याकडून उलट बंद. एकाच बाजूला उघडणारं फाटक समजा. स्वाती फोन घेऊन गोठ्यात गेली.

"वैनी, हात वर करा," मी म्हातारीला म्हणालो. तिनं केला. "दिसलं!" गोठ्यातनं स्वाती ओरडली.

जरा वेळानं म्हातारीनं आपणहून हात वर केला. स्वाती धावत आली. "पाणी पायजे का, आत्या?" म्हातारीनं नाही अशी मान हलवली आणि बोट दारातनं दिसणाऱ्या माझ्या कपाकडं केलं. चहा गार झाला होता.

स्वातीनं परत चहा टाकला.

तेव्हापासून मी कुणाच्याही घरी राऊटर उघडायच्या आधी विचारतो, हितं कुणाला कोण दिसायला पायजे? अडवायचं कुणाला, ते मागनं.